तत्त्वज्ञान म्हणजे विज्ञानाची वेटिंग रूम?

उंबरठा | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, गेल्या रविवारी आमच्याकडे आमरसाचं जेवण होतं. हंगामाचा शेवटचा हापूस म्हणून सगळे जमलेले. लेक बारावी सायन्स झाली आहे, मार्क चांगले आहेत, आणि तिला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करायचंय. हे तिने दुसऱ्या वाटीच्या वेळी जाहीर केलं. तिसरी वाटी कोणी मागितली नाही.

तिचा मामा केमिकल इंजिनियर. माणूस वाचणारा आहे, उगाच टर उडवणारा नाही. तो म्हणाला, "ज्या प्रश्नाची गाडी अजून लागलेली नाही, तो तत्त्वज्ञानात बसून असतो. गाडी लागली की उठून विज्ञानात जातो. तत्त्वज्ञान म्हणजे वेटिंग रूम. तिथे बसून कोणी करियर करतं का?" उदाहरणंही दिली. तारे कशाचे बनलेत, जीव म्हणजे काय, पदार्थाचे तुकडे करत गेलं तर शेवटी काय उरतं, हे सगळे एके काळी तत्त्वज्ञांचे प्रश्न होते, आज एकही त्यांच्याकडे नाही. वरून हॉकिंगची फोडणी: त्याने २०१० सालच्या पुस्तकात तत्त्वज्ञान मेलंय असं लिहूनच टाकलंय.

लेकीने विचारलं, "मामा, तत्त्वज्ञान मेलंय हे कुठल्या प्रयोगशाळेत तपासलं?" मामा हसला, पण उत्तर द्यायचं राहिलं, कारण तेवढ्यात आंब्याच्या कोयींवरून धाकट्यांची भांडणं लागली.

मी बँकेतला माणूस. प्रवेशाचा सल्ला नकोय, तो घरात पोत्याने मिळतोय. मला एवढंच विचारायचंय: या दोघांची कामं खरंच वेगळी आहेत, की काम एकच आहे आणि त्यातला एक जण रिटायर झालाय?

फुकटचा_सल्ला | शनिवार, रात्री ९.५२

मुलीला वकिलीला घाला. मामाला एका वाक्यात गार केलं पोरीने.

शून्यमहाराज | शनिवार, रात्री १०.०५

वेटिंग रूम तरी बरी हो. आमच्या वेळी तत्त्वज्ञानवाले मनमाडच्या फलाटावर चादर टाकून असायचे.

पिपेट | शनिवार, रात्री ११.३०

मामांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलतो. जर्मनीत रसायनशास्त्रात पोस्टडॉक करतोय. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढली, पण तत्त्वज्ञानावाचून कोणाचं काम अडलंय असं एकदाही पाहिलं नाही. अडतं ते रसायनं वेगळी करायचा कॉलम चोक झाला म्हणून, नाहीतर पैसे संपले म्हणून.

मामांचं जीवाबद्दलचं उदाहरण अगदी चपखल आहे. सजीवांच्या शरीरातली द्रव्यं बनायला एक खास 'जीवनशक्ती' लागते, ती बाटलीत बनायची नाहीत, असं मोठमोठे लोक मानत होते. १८२८ साली व्होलर नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ अमोनियम सायनेट तापवायला गेला आणि हातात आला युरिया. मूत्रातला पदार्थ, मूत्रपिंडाशिवाय. वाद दोन हजार वर्षं चालला असता तरी संपला नसता, तो शेगडीवर संपला.

माझं म्हणणं असं की तत्त्वज्ञ प्रश्न छान विचारतात, पण उत्तर मिळालं हे त्यांना कळत नाही. आम्हाला कळतं. फरक असलाच तर एवढाच.

द्राक्षबाग | रविवार, सकाळी ६.१५

म्हंजी आमच्या युरियाच्या गोणीत जीवनशक्तीचा मुडदा आहे तर. आजवर नुसतं नत्र समजून टाकत होतो.

तर्कटी | रविवार, सकाळी ८.२०

पिपेट, व्होलरची गोष्ट छान आहे, पण ती शाळेच्या पुस्तकात बसावी म्हणून कापूनकुपून घेतलेली आहे. त्या एका युरियाने जीवनशक्ती मेली नाही. पुढे कित्येक दशकं लोक ती मानतच होते. एका प्रयोगाने कोण कधी हरतं आणि हरलो हे त्याने कधी मान्य करावं, हा प्रश्न शेगडीवर सुटत नाही.

आणि उंबरठा, आधी शब्दाचं बघू. 'सायंटिस्ट' हा शब्द १८३० च्या दशकात ह्यूएल नावाच्या माणसाने घडवला. न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथाच्या नावातच 'नैसर्गिक तत्त्वज्ञान' आहे. तो स्वतःला वैज्ञानिक म्हणवून घेऊ शकलाच नसता, शब्दच नव्हता. तुमचे मामा ज्याला वेटिंग रूम म्हणतात ते त्याचं राहतं घर होतं.

आपल्याकडे तर गोंधळ आणखी गोड आहे. रसायनशास्त्र हे शास्त्र, नाट्यशास्त्र हे शास्त्र, धर्मशास्त्र हेही शास्त्रच. एका टोकाला शास्त्रज्ञ, दुसऱ्या टोकाला शास्त्रीबुवा.

फुकटचा_सल्ला | रविवार, सकाळी ८.२५

आणि मधल्या सगळ्यांना आजी सांगते, शास्त्र असतं ते!

झणझणीत | रविवार, सकाळी १०.४०

कशाला न्यूटन नि व्होलर. आपल्या कणादांनी हजारो वर्षांपूर्वी अणू शोधला. तत्त्वज्ञान आणि विज्ञान असा भेद पाश्चात्त्यांचा, आपल्याकडे सगळं एकच होतं. आपल्यालाच आपली किंमत नाही.

पिपेट | रविवार, दुपारी २.१०

आला कणाद. मी वाटच बघत होतो, यंदा तेराव्या तासाला आला.

तर्कटी | रविवार, दुपारी ४.३५

पिपेट, हसू नका. झणझणीत, तुम्हीही छाती फुगवू नका. वैशेषिकांनी, म्हणजे कणादांच्या परंपरेतल्या तत्त्वज्ञांनी, नेमकं काय केलं ते पाहिलं तर तुम्हा दोघांचीही पंचाईत आहे.

सकाळी खिडकीच्या फटीतून ऊन आत आलं की त्या पट्ट्यात धुळीचे कण नाचताना दिसतात. त्यातला एक कण म्हणजे त्रसरेणू, डोळ्यांना दिसणारी सगळ्यात बारीक वस्तू. तो तीन द्व्यणुकांचा आणि प्रत्येक द्व्यणुक दोन परमाणूंचं. म्हणजे कणाचा सहावा भाग हा परमाणू. पुढे तुकडे होत नाहीत. का होत नाहीत? त्यांचा युक्तिवाद बघा: प्रत्येक वस्तूचे तुकडे न संपता होत राहिले, तर मेरू पर्वतातही अनंत तुकडे आणि मोहरीच्या दाण्यातही अनंतच. मग मेरू आणि मोहरी एकाच मापाचे ठरतील. तसं दिसत नाही, म्हणून तुकडे करणं कुठेतरी थांबलंच पाहिजे.

पद्धतीने केलेला, जागच्या जागी तपासता येणारा विचार आहे हा. पण त्यातून 'सहावा भाग' का, साठ कोटीवा का नाही, हे मोजून सांगायची सोय नाही. ती सोय यायला, पाण्यातले बारीक कण का थरथरतात यावरचा आइनस्टाइनचा १९०५ चा लेख लागला आणि त्यावरून पेरँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०८ च्या सुमारास पाण्यात तरंगणारे डिंकाचे बारीक गोळे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. तोवर माखसारखा भौतिकीतला दिग्गजसुद्धा अणू खरे आहेत हे मानायला तयार नव्हता. आणि तो भाबडा म्हणून नव्हे. जे दिसत नाही ते मानायचं की नाही, याबद्दल त्याची तत्त्वज्ञानातली ठाम भूमिका होती म्हणून.

तेव्हा कणादाने अणू 'शोधला' नाही. पण अणू असायला हवा असं का वाटावं, याचं कारण शोधलं. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं काम फुकट नाही.

झणझणीत | रविवार, दुपारी ४.५०

मोहरीचं माहीत नव्हतं. हे चांगलं आहे. बाकीचं पटलं नाही.

गेजमास्तर | रविवार, रात्री ९.१५

मी चाकणला एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये आहे, मोजायचंच काम. तर मोजण्याबद्दल दोन गोष्टी सांगतो.

आमच्याकडे स्लिप गेज येतात. पोलादाचे चकचकीत ठोकळे, एकावर एक घासून दाबले की चिकटून बसतात. शंभर मिलीमीटरचा गेज हातात धरलात आणि तो एक अंशाने तापला, तर एक मायक्रॉनहून, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागाहून, जास्त वाढतो. म्हणून हातमोजे, म्हणून चिमटा, म्हणून तो आधी काही तास खोलीत नुसता पडू द्यायचा. तापमान वीस अंश. नवीन आलेला पोरगा पहिल्याच आठवड्यात विचारतो, सर, वीसच का? बावीस का नाही? इथे तर वीस अंश कधी नसतंच. त्याचं उत्तर पोलादात सापडणार नाही. सगळ्या जगाने मिळून वीस धरायचं ठरवलंय, इतकंच.

दुसरी गोष्ट. सर्टिफिकेटवर आम्ही माप लिहितो आणि त्यापुढे अधिक-उणे अमुक, विश्वास पातळी ९५ टक्के. आमचा गेज आमच्याहून वरच्या लॅबच्या गेजशी ताडलेला, तो त्याच्याहून वरच्याशी, असं करत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत. 'खरं माप' या साखळीत कोणीही पाहिलेलं नाही. तरी ते आहे असं धरूनच सगळं चालतं. मी वीस वर्षं न पाहिलेल्या गोष्टीच्या जवळ जातोय.

पिपेट म्हणतात तत्त्वज्ञानावाचून काम अडत नाही. बरोबर आहे, अडत नाही. पाया खचेपर्यंत पायावाचून कोणाचं अडतं? तुम्ही वरच्या मजल्यावर बसलाय राव.

शून्यमहाराज | रविवार, रात्री ९.२२

न पाहिलेल्याच्या वीस वर्षं जवळ जाताय, ते पण अधिक-उणे लिहून. वारीला निघालात का मास्तर?

खडूफळा | सोमवार, सायंकाळी ६.००

मी निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा. २००६ सालची गोष्ट. वर्गात सूर्यमालेचा तक्ता होता, नऊ ग्रहांचा. ऑगस्टच्या २४ तारखेला प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांनी हात वर करून मतदान केलं आणि प्लूटो ग्रह राहिला नाही. दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी पेपरचं कात्रण घेऊन आली. मी प्लूटोवर पांढरी पट्टी चिकटवली. तिने विचारलं, "सर, काल रात्री प्लूटोला काय झालं?"

काहीच झालं नव्हतं. त्याचं वजन, कक्षा, थंडी, सगळं आदल्या दिवशीसारखंच. बदलली ती ग्रह या शब्दाची व्याख्या: सूर्याभोवती फिरला पाहिजे, गोल असला पाहिजे, आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला असला पाहिजे. तिसऱ्या अटीत प्लूटो अडकला. मला त्या मुलीला उत्तर नीट देता आलं नाही. मतदानाने सत्य ठरतं का, हे तिने विचारलं नाही ते बरं झालं, कारण तिसऱ्या तासाला नागरिकशास्त्र होतं.

पिपेट | सोमवार, रात्री ११.४५

सर, पट्टीची गोष्ट झकास. पण हा नुसता नावांचा मामला आहे. कपाटातल्या बरण्यांना लेबलं लावायचं काम. त्याला तत्त्वज्ञान म्हणायचं तर माझी आजी पट्टीची तत्त्वज्ञ होती, धने आणि जिरे कधी चुकली नाही.

गेजमास्तर, पायाचा मुद्दा अर्धा मान्य. पण वीस अंश ठरवणारेसुद्धा अभियंतेच होते, कोणी तत्त्वज्ञ बोलावला नव्हता.

द्राक्षबाग | मंगळवार, सकाळी ५.५०

पिपेटभाऊ, लेबलाची गंमत लेबलात अडकल्याशिवाय कळत नाही. ऐका.

आमची निफाडकडं बाग. माल युरोपला जातो. जायच्या आधी मण्यांचा नमुना लॅबला, तिथून रेसिड्यूचा, म्हंजी मालात उरलेल्या औषधाचा, रिपोर्ट. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला युरोपात सरसकट मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम दर किलोला. आता हिशोब करा. शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. मी लॅबच्या साहेबांना विचारलं, यानं माणूस आजारी पडतो का? ते म्हणाले, या आकड्याचा आणि आजाराचा थेट संबंध नाही. यंत्रं साधारण तिथवर खात्रीनं मोजू शकतात, म्हणून तो आकडा. म्हंजी यंत्र जितकं बघतं तितकं वाईट!

मी चिडलो होतो. २०१० ला सीसीसी या वेलीची वाढ रोखायच्या औषधावरनं माल अडकला तेव्हा आमच्या भागात लोकांनी काय काय सोसलंय ते पाहिलंय. पण नंतर शांतपणी विचार केला. जे माहिती नाही ते धोक्याचं धरायचं का बिनधोक धरायचं? लहान पोर द्राक्षं खाणार असंल तर मी काय धरीन? यात लॅबचं काम मोजायचं. किती चालंल हे ठरवायचं काम लॅबचं नाही, आणि ते नुसतं लेबलही नाही. त्याच्यावर माझं कर्ज फिटतं का नाही ते ठरतं.

फुकटचा_सल्ला | मंगळवार, सकाळी ९.००

पिपेटसाहेब, निफाडहून चेंडू सीमापार.

अ‍ॅडमिन | मंगळवार, सकाळी ११.३०

कणाद विरुद्ध पाश्चात्त्य या शाखेवरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. मोहरीचे ठेवले आहेत. धागा विषयावर ठेवा.

आयसीयूतली | मंगळवार, रात्री १२.५०

नाइट ड्यूटी आहे, जरा शांत आहे म्हणून लिहिते. मी नर्स होते, आता अवयवदानाचं समन्वयाचं काम करते, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात. नाव लिहीत नाही.

तुम्ही ग्रहाची व्याख्या म्हणालात. आमच्याकडे 'मेला' या शब्दाची आहे.

मेंदूच्या खोडाची तपासणी असते. बाहुलीवर टॉर्च मारतात. बुबुळाला कापसाचं टोक लावतात. कानात बर्फाचं पाणी सोडतात. शेवटी व्हेंटिलेटर काढून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात आणि छातीकडे बघत उभं राहायचं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतोय तरी श्वास येतो का. ती मिनिटं फार लांब असतात. १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर, दोनदा तपासणी, मध्ये किमान सहा तास. हे सगळं विज्ञान, आणि ते चोख आहे. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण व्हेंटिलेटर परत जोडला की छाती वरखाली होते. अंग गरम असतं, लघवी होत असते. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाची सगळी चिन्हं कायमची नाहीशी होणं. १९९४ चा कायदा मेंदूचं खोड थांबलं की माणूस गेला असं धरतो. दोन्ही कायदे आपलेच.

मागे एक मुलगा होता, मोटरसायकलचा अपघात. पहिली तपासणी रात्री आठला झाली, दुसरी पहाटे अडीचच्या पुढे. घरच्यांनी दानाला होकार दिला, ऑपरेशन दुपारी. त्याची आजी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून होती. डॉक्टरांनी सगळं समजावल्यावर ती म्हणाली, "कळलं बाळा. पण गेला कधी? तिथी कोणती धरायची?" मधल्या वेळात तिथी बदलली होती.

डॉक्टर फार हुशार आहेत, मनाने चांगले आहेत. ते माझ्याकडे बघायला लागले.

शून्यमहाराज | मंगळवार, रात्री १.०५

ताई, यावर विनोद सुचत नाही.

तर्कटी | बुधवार, सकाळी ७.४५

आयसीयूतली, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही.

पूर्ण वेगळ्या बाजूने एक भर घालतो. न्यायशास्त्रात, म्हणजे कायद्याच्या नव्हे, आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, 'उपाधी' नावाची चीज आहे. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान ठीक. स्वयंपाकघरात पाहिलेलं असतं. पण उलटं करा: अग्नी आहे म्हणून धूर असणारच. हे फसतं. लोहाराचा लालभडक गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. गॅसची निळी ज्योत घ्या, तेच. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. हे ओलं लाकूड म्हणजे उपाधी, नजरेआड राहून दोन गोष्टींचं नातं जुळवणारं तिसरंच काहीतरी. आज कुठल्याही औषधाच्या चाचणीत संख्याशास्त्रवाले दिवसभर हेच हुडकत बसतात. त्यांनी न्याय वाचून ते शिकलं असा माझा दावा नाही (झणझणीत, ऐकताय ना). पण 'एवढ्या पुराव्यावरून हे म्हणता येतं का' हा प्रश्न प्रयोगाच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे उभा असतो. मामांची गाडी लागते, माणसं चढतात, आणि हा टीसी गाडीतही येतो.

खडूफळा | बुधवार, दुपारी १२.१०

टीसीवरून आठवलं. २००८ च्या सुमारास पुण्यात जयंत नारळीकरांनी अंनिसच्या लोकांना बरोबर घेऊन फलज्योतिषाची चाचणी केली होती. हुशार मुलांच्या शंभर कुंडल्या, मतिमंद मुलांच्या शंभर. प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस पाठवल्या, कुठली कोणाची ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं दिली. बरोबर आलेली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती.

निकाल मला आवडला, पण त्याहून आवडली ती आधीची तयारी. किती बरोबर आली तर विद्या खरी मानायची आणि किती आली तर नाही, हे कुंडल्या वाटण्याआधी ठरवलेलं होतं. ज्याला आपण कशाने चुकीचे ठरू हेच सांगता येत नाही, त्याची चाचणी करता येत नाही. ही कल्पना पॉपर नावाच्या तत्त्वज्ञाने १९३४ मध्ये मांडली. तो कुठल्याही प्रयोगशाळेत नव्हता. आपल्या घटनेत ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे कर्तव्य म्हणून घातलंय १९७६ पासून. आता कर्तव्य का, हे मोजून दाखवा पिपेट.

पिपेट | बुधवार, रात्री ११.५५

सर, छडी बाजूला ठेवा, सांगतो.

पॉपरवर मात्र मी आता तुमच्याच बाजूच्या विरोधात बोलणार आहे. युरेनसची चाल गणिताशी जुळेना. न्यूटन खोटा ठरला का? नाही. लव्हेरिए नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने म्हटलं, बाहेर कोणीतरी अदृश्य ग्रह त्याला ओढत असणार. १८४६ मध्ये बर्लिनहून दुर्बीण लावली आणि सांगितल्या जागेच्या एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाची चाल जुळेना. त्याच लव्हेरिएने तेच म्हटलं: आत एक ग्रह आहे, नाव व्हल्कन. लोकांनी शोधला, काहींना दिसलासुद्धा! पण तो नव्हताच. तो शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक १९१५ मध्ये आइनस्टाइनने सोडवला, आणि त्यासाठी न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाची बैठकच बदलावी लागली.

माणूस तोच, युक्ती तीच. एकदा कीर्ती, एकदा भूत. नियमाला चिकटून कधी राहायचं आणि कधी सोडायचं याचं सूत्र पॉपरकडेही नाही. माझा चालू प्रयोग आठ महिने येत नाहीये. रसायन अशुद्ध आहे की माझी कल्पनाच चुकली, हे मी रोज ठरवतोय. त्याला काय म्हणायचं ते म्हणा. मी पॉपर वाचत नाही, पण वाटतं तेवढा मोकळाही नाही.

आणि आयसीयूतली ताई, लेबलाचं वाक्य मागे घेतो. आजी धने-जिरेवालीही होती आणि तिथी विचारणारीही असती.

गेजमास्तर | गुरुवार, सकाळी ८.१०

पिपेट, आठ महिने येत नसेल तर आधी वजनकाटा तपासून घ्या. तत्त्वज्ञान नंतर.

झणझणीत | गुरुवार, सकाळी ९.३०

व्हल्कन दिसलेले लोक कोण होते? यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.

उंबरठा | शनिवार, रात्री ८.२०

आठवडाभर वाचतोय, मध्ये बोललो नाही. लेकीने सगळं वाचलं, मोहरीचं वहीत उतरवून घेतलं. मामालाही लिंक पाठवली. त्याचा काल फोन आला. म्हणाला, "वेटिंग रूम मागे घेतो असं नाही. पण प्लान्टमध्ये आम्ही सेफ्टी मार्जिन धरतो, दुप्पट की अडीचपट, ते मी कधी कुठून आलं विचारलंच नव्हतं. द्राक्षवाल्यांना नमस्कार सांग." आता तत्त्वज्ञान मुख्य आणि संख्याशास्त्र जोडीला असं कुठल्या कॉलेजात जुळतं ते बघतोय. कल्पना मामाचीच.

त्याने एक प्रश्न मात्र विचारायला सांगितलाय, आयसीयूतली ताईंना. त्या आजींनी मग तिथी कोणती धरली?

द्राक्षबाग | शनिवार, रात्री ८.४५

हेच विचारायचं होतं, धीर होत नव्हता.

आयसीयूतली | रविवार, सकाळी ७.३०

ड्यूटी संपवून आत्ताच घरी आले. वर्षभराने त्या मुलाची आई तपासणीला आली होती तेव्हा भेटली. श्राद्ध गुरुजींनी सांगितलं त्या तिथीला करतात, दुसऱ्या तपासणीच्या. आजी त्या दिवशी जेवते सगळ्यांबरोबर. पण तिचा तिचा वेगळा दिवस आहे, ऑपरेशनचा. दुपारी मृतदेह ताब्यात दिला तेव्हा तिने हात धरला होता, आणि तो गार लागला. त्या दिवशी ती त्याच्या फोटोपुढे पेढा ठेवते.